झाकली मूठ आणि बंदुकीचा भाव

फेब्रुवारी १९६३ च्या 'अमेरिकन रायफलमन' या मासिकात शिकागो येथील एका विक्रेत्याची जाहिरात प्रसिद्ध झाली होती. इटालियन लष्कराने वापरातून काढलेली रायफल, वर दुर्बीण बसवलेली, किंमत १९ डॉलर ९५ सेंट. जाहिरातीतील कूपन कापून, त्यासोबत टपालखर्चासह २१ डॉलर ४५ सेंटची मनीऑर्डर जोडून, 'ए. हायडेल' या खोट्या नावाने एका माणसाने मार्च महिन्यात ती मागवली. डल्लासच्या टपाल कचेरीतील एका पेटीच्या पत्त्यावर ती यथाकाल पोचली. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला त्याच शहरात अध्यक्ष केनेडी यांचे प्राण घेणाऱ्या गोळ्या याच रायफलीतून सुटल्या, असा निष्कर्ष पुढे वॉरन आयोगाने काढला. मागवणाऱ्याचे खरे नाव ली हार्वे ऑस्वाल्ड असे होते.

या घटनेला साठांहून अधिक वर्षे लोटली. मासिकातील कूपनांची जागा आता इंटरनेटवरील संकेतस्थळांनी घेतली आहे. पण अमेरिकन बंदूकविक्रेत्यांच्या या संकेतस्थळांवर एक चमत्कारिक गोष्ट आढळते. बंदुकीचे छायाचित्र असते, नळीची लांबी, वजन, काडतुसांची संख्या, सारा तपशील असतो. आणि जेथे किंमत असावयाची तेथे 'किमतीसाठी दूरध्वनी करा' किंवा 'वस्तू कार्टमध्ये टाका, म्हणजे किंमत दिसेल' असे वाक्य असते. ज्या देशात नागरिकांच्या हाती असलेल्या बंदुकांची संख्या, २०१७ सालच्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे, ३९ कोटींच्या वर म्हणजे लोकसंख्येहूनही अधिक होती, त्या देशात बंदूक उघड आणि तिचा भाव मात्र झाकलेला, असा हा प्रकार आहे. हा भाव उघड करावा की करू नये, हा वरवर पाहता दुकानदारीतला क्षुल्लक प्रश्न वाटेल. वस्तुतः घातक वस्तूच्या बाजारपेठेला समाजाने लगाम कोठे घालावा, या मोठ्या प्रश्नाचेच ते एक टोक आहे.

प्रथम हा भाव झाकला का जातो, ते पाहू. सरकारने तसा हुकूम काढला आहे अशी एखाद्याची समजूत होण्याचा संभव आहे. ती चुकीची आहे. हा पडदा बहुधा कारखानदाराने टाकलेला असतो. 'आमच्या मालाची जाहिरात अमुक रकमेच्या खालच्या किमतीने करता येणार नाही', असे धोरण तो विक्रेत्यांना कळवतो. दुकानात प्रत्यक्ष विकताना विक्रेत्याने त्याहून कमी घेतले तरी चालते. मात्र ते जाहीर करावयाचे नाही. जो जाहीर करील त्याचा मालाचा पुरवठा बंद. व्यवहारात याला 'किमान जाहिरात-किंमत' म्हणतात. दुर्बिणी, मासेमारीचे गळ, विद्युत उपकरणे अशा अनेक व्यापारांत ही रीत आहे. बंदुकीच्या व्यापारातही ती रुजलेली आहे. परिणामी कमी भावाने विकू इच्छिणारा विक्रेता ना खोटे लिहू शकतो ना खरे, आणि म्हणून तो दूरध्वनीचा क्रमांक लिहितो.

आपल्याकडील ग्राहकाला हे उफराटे वाटेल. आपल्या पुडक्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते आणि तिच्यावर एक पैसाही अधिक घेणे गुन्हा ठरतो. तेथे कारखानदार खालची रेघ आखतो आणि तिच्याखाली बोलू देत नाही. अर्थात खालच्या रेघेचा मोह आपल्याकडेही नाही असे नाही. २०२१ साली भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकी कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड केला, तो याच कारणासाठी की कंपनीने विक्रेत्यांना ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे ग्राहकांना सूट देण्यास मज्जाव केला होता.

अमेरिकन कायद्याची या बाबतीतील वाटचाल नागमोडी आहे. किरकोळ विक्रेत्याने अमुक किमतीच्या खाली विकू नये असा करार कारखानदाराने करणे, हे १९११ च्या डॉक्टर माइल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बेकायदा ठरवले. पण १९१९ च्या कोलगेट खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, कारखानदार आपल्या अटी एकतर्फी जाहीर करू शकतो आणि त्या न पाळणाऱ्याला माल नाकारू शकतो. आजच्या या धोरणांचा उगम या दुसऱ्या निकालात आहे. पुढे २००७ मध्ये लीजिन खटल्यात पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने १९११ चा निर्णयही रद्द झाला, आणि अशा निर्बंधांची बरी-वाईट फलश्रुती प्रत्येक प्रकरणी स्वतंत्रपणे तपासावी असे ठरले. तेव्हा भाव झाकण्याच्या या रीतीत कायद्याच्या दृष्टीने सहसा काही वावगे नाही. प्रश्न आहे तो तिच्या इष्टानिष्टतेचा.

अर्थशास्त्राचे या विषयावरील सर्वसाधारण मत स्पष्ट आहे. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, माहितीलाही किंमत असते. कोणत्या दुकानात काय भाव आहे हे शोधण्यात ग्राहकाचा वेळ आणि श्रम खर्ची पडतात. हा शोध जितका महाग, तितका एकाच वस्तूच्या भावांतील फरक मोठा राहतो. जाहिरात हा शोध स्वस्त करते. ली बेनहॅम यांनी १९७२ मध्ये चष्म्यांच्या किमतींचा अभ्यास करून या विचाराला आकड्यांचा आधार दिला. ज्या राज्यांत चष्म्यांच्या जाहिरातीला बंदी होती, तेथे ते जाहिरातीची मुभा असलेल्या राज्यांपेक्षा लक्षणीय प्रमाणात महाग होते. हे समजावयाला आपल्याला परदेशी जाण्याचीही गरज नाही. कापसाच्या आणि गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत आपल्याकडे दीर्घकाळ चालू होती. रुमालाखाली काय ठरले ते दलालाला कळे, व्यापाऱ्याला कळे. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कळत नसे. नियंत्रित बाजारपेठांनी उघड लिलावाचा आग्रह धरला तो याचसाठी. संकेतस्थळावरील 'दूरध्वनी करा' ही त्या रुमालाचीच आधुनिक आवृत्ती आहे.

इतके खरे असले तरी येथेच थांबणे सोयीचे होणार नाही. चष्मा आणि कापूस यांनी कोणाचा जीव जात नाही. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. ज्या वस्तूच्या पाठीशी असा हिशेब आहे, तिच्या बाबतीत 'स्पर्धा वाढेल, भाव उतरतील, ग्राहकाचे भले होईल' हा युक्तिवाद एखाद्या विचारी माणसाच्या घशाखाली सहजासहजी उतरणार नाही. बंदूक स्वस्त होणे ही इष्ट गोष्ट आहे, असे कोणी ठरवले? भाव झाकल्याने ती थोडी महाग राहत असेल, तर ते बरेच नाही काय? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर देणे आवश्यक आहे.

नेमका हाच वाद दारूच्या बाबतीत एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने १९५६ मध्ये दारूच्या किमतींची जाहिरात करण्यास बंदी घातली. भाव कळले नाहीत तर दुकानदारांत चुरस लागणार नाही, चुरस नसली तर दारू महाग राहील, आणि महाग राहिली तर लोक कमी पितील, अशी सरकारची विचारसाखळी होती. १९९६ मध्ये न्यायालयाने ही बंदी एकमताने रद्द ठरवली. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचा मुद्दा साधा होता: किंमत चढी ठेवावयाची असेल तर सरकारला कर वाढवता येतो किंवा विक्रीवर थेट निर्बंध घालता येतात, त्यासाठी खऱ्या माहितीचे तोंड बांधण्याचे कारण नाही.

हा भेद बंदुकीला अधिकच लागू पडतो. कराने वाढवलेली किंमत आणि अज्ञानाने वाढलेली किंमत या दोहोंचा आकडा कदाचित एकच असेल. पण पहिली सार्वजनिक तिजोरीत जाते आणि दुसरी विक्रेत्याच्या गल्ल्यात. अमेरिकेत बंदुकांवर कर बसवण्याची परंपरा जुनी आहे. १९३४ च्या कायद्याने मशिनगन, आवाज दाबणारी नळी आदी वस्तूंच्या हस्तांतरणावर २०० डॉलरचा कर बसवला. त्या काळी ही रक्कम मातबर होती. नंतर ती महागाईप्रमाणे कधीच वाढवली गेली नाही, आणि २०२५ च्या कायद्याने तर आवाज दाबणाऱ्या नळ्या आणि आखूड नळीच्या रायफली यांवरील कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. उलट, १९३७ च्या एका कायद्याने रायफली, शॉटगन आणि काडतुसांवरील ११ टक्के कराचे उत्पन्न वन्यजीव-संवर्धनाकडे वळवले, आणि ती व्यवस्था आजही चालू आहे. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२४ पासून बंदुका आणि दारूगोळ्यावर आपला स्वतंत्र ११ टक्के कर लावला असून त्याचे उत्पन्न हिंसाचार-प्रतिबंध आणि शाळांची सुरक्षितता यांसाठी राखले आहे. हे कर योग्य की अयोग्य, गरीब माणसालाच ते अधिक जाचतात की काय, यावर वाद होऊ शकतो, आणि होतोही. महत्त्वाचे ते हेच. कर विधिमंडळात मांडावा लागतो, त्यावर मतदान होते, तो वाढवता वा उतरवता येतो. कारखानदाराच्या परिपत्रकाने वाढलेल्या किमतीवर कोणी मतदान केलेले नसते, आणि तिच्यातील एक सेंटही एखाद्या जखमीच्या औषधपाण्याला जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि त्यात माणुसकीचा अंश आहे. लेस्टर टेल्सर यांनी १९६० मध्ये मांडलेल्या विचाराचा तो विस्तार म्हणता येईल. दुकानदार वस्तू दाखवतो, हाताळू देतो, समजावून सांगतो. या सेवेला खर्च येतो. ग्राहक ही सेवा एका दुकानात फुकट घेईल आणि खरेदी मात्र स्वस्त भाव झळकवणाऱ्या दुसऱ्या दुकानात करील, तर सेवा देणारा दुकानदार बुडेल. म्हणून भावाची उघड चुरस थांबवणे कारखानदाराला हिताचे वाटते. बंदुकीच्या बाबतीत या सेवेला वेगळेच मोल आहे. २००९ साली न्यू हॅम्पशायर राज्यात एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या तीन व्यक्तींनी आठवड्याभराच्या आत एकाच दुकानातून बंदुका घेतल्या, आणि तिघांनीही काही तासांतच आत्महत्या केली. या धक्क्यातून तेथील विक्रेते, बंदूकधारक आणि आरोग्यक्षेत्रातील कार्यकर्ते एकत्र आले. गिऱ्हाईक खचलेले दिसले, बंदुकीची निगा वा वापर याविषयी त्याला काहीच जाणून घ्यावयाचे नसले, तर विक्रेत्याने काय करावे याच्या सूचना त्यांनी तयार केल्या, दुकानांतून फलक लावले. तो उपक्रम पुढे इतर राज्यांतही पोचला. काउंटरपलीकडचा डोळस माणूस हा असा कधी कधी शेवटचा पहारेकरी ठरतो. उघड भावांच्या चुरशीत तोच नाहीसा झाला तर?

भीती खरी आहे. पण तिच्यावर सुचवलेला उपाय चुकीच्या जागी लागतो. एक तर १९६८ च्या कायद्यानंतर दुसऱ्या राज्यातील विक्रेता बंदूक थेट सामान्य ग्राहकाच्या घरी पाठवू शकत नाही. संकेतस्थळावरून घेतलेली बंदूक ग्राहकाच्या भागातील परवानाधारक विक्रेत्याकडे येते. तेथे ग्राहकाला जातीने जावे लागते, ओळखपत्र दाखवून अर्ज भरावा लागतो, पूर्वेतिहासाची तपासणी व्हावी लागते, आणि या कामाबद्दल तो स्थानिक विक्रेता स्वतंत्र शुल्क आकारतो. म्हणजे सेवेचे मोल वस्तूच्या किमतीत लपवण्याची गरजच उरलेली नाही. ते वेगळे मांडून उघडपणे घेता येते. दुसरे असे की, नफ्याचे प्रमाण वाढल्याने दुकानदार अधिक सावध होतो, हे गृहीतच डळमळीत आहे. नफा मिळतो तो विकण्याबद्दल. नाही म्हणण्याबद्दल कोणी छदामही देत नाही. ज्या विक्रीत सत्तर डॉलर सुटतात ती नाकारणे, सात डॉलर सुटणारी विक्री नाकारण्याहून अवघडच असावयाचे. न्यू हॅम्पशायरच्या विक्रेत्यांना जागे केले ते नफ्याने नव्हे, विवेकाने. विवेकाची तजवीज किमतीच्या पडद्यात होत नाही.

आणि जो माणूस निराशेच्या भरात बंदूक घ्यावयाला निघाला आहे, त्याच्या लेखी पन्नास डॉलरांचा फरक तो काय? त्याला अडवू शकतो तो भाव नव्हे, वेळ. कॅलिफोर्नियात खरेदी आणि ताबा यांच्यामध्ये दहा दिवस जावे लागतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की, अशा प्रतीक्षेच्या कायद्यांमुळे बंदुकीने होणारे खून सुमारे १७ टक्क्यांनी घटतात. आत्महत्यांतही घट दिसते. भाव झाकून जे साधत नाही ते दहा दिवसांच्या अवधीने साधते.

तिसरा आक्षेप जाहिरातीवरच आहे. जाहिरात म्हणजे भुरळ, आणि बंदुकीची भुरळ पाडू नये. हे म्हणणे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो: जाहिरातीतील भुरळ पाडणारा भाग कोणता? २०१२ च्या डिसेंबरात कनेक्टिकटमधील सँडी हूक प्राथमिक शाळेत वीस मुले आणि सहा प्रौढ मारले गेले. त्यांपैकी नऊ जणांच्या कुटुंबियांनी रायफलीच्या कारखानदारावर दावा लावला. २००५ च्या कायद्याने कारखानदारांना बरेच संरक्षण दिले असल्याने दाव्याचा रोख जाहिरातींवर होता. ही रायफल जवळ असणे म्हणजे पुरुषार्थाचा दाखला, अशा धर्तीची ती जाहिरातबाजी होती. २०१९ मध्ये कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने या मुद्द्यावर दावा पुढे चालू दिला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रेमिंग्टन कंपनीच्या विमाकंपन्यांनी ७ कोटी ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्या जाहिरातींचा विखार किमतीच्या आकड्यात नव्हता. किंमत हा जाहिरातीतील सर्वांत रुक्ष, सर्वांत प्रामाणिक भाग असतो. तो कोणाच्या मर्दानगीला आव्हान देत नाही. भाव झाकून घोषवाक्ये मोकळी सोडणारी व्यवस्था भलत्यालाच वेसण घालते. कॅलिफोर्नियाचा १९२३ चा एक कायदा असाच होता. दुकानाबाहेरून दिसेल असा पिस्तुलाच्या विक्रीचा फलक लावण्यास त्याने बंदी केली होती. रायफलीच्या फलकाला मात्र मुभा होती. पिस्तुलाची पाटी पाहून उतावीळ माणूस आत शिरेल, असा बचाव सरकारने केला. पण या बंदीने आत्महत्या वा गुन्हे कमी होतात हे त्याला दाखवता आले नाही आणि २०१८ मध्ये संघराज्य न्यायालयाने ती रद्द केली.

भाव दडपल्याने व्यवहार थांबत नाही, तो आडवाटेने जातो, याचाही दाखला ताजा आहे. फेसबुकने २०१६ मध्ये आपल्या मंचावर खासगी व्यक्तींनी बंदुका विकण्यास मनाई केली. उद्देश स्तुत्य होता. पण पुढे असे उघडकीस आले की, काही विक्रेते बंदुकीची रिकामी पेटी विकावयास काढतात आणि तिची किंमत शेकडो डॉलर लावतात. जाणत्याने समजून घ्यावे की पेटीत काय आहे. येथे किंमत ही माहिती न राहता संकेत बनली. विशेष म्हणजे, परवानाधारक विक्रेत्याला तपासणीवाचून बंदूक देता येत नाही. पण एकाच राज्यातील दोन खासगी व्यक्तींमधील विक्रीला संघराज्याच्या कायद्याने अशी तपासणी सक्तीची नाही. काही राज्यांनी ती सक्तीची केली आहे, अनेकांनी नाही. खरी फट ती आहे. परवानाधारकाचा भाव झाकला गेला की ग्राहकाला उघड दुकान आणि आडबाजार यांतील अंतर दिसेनासे होते, आणि आडबाजाराला तेच हवे असते.

तेव्हा निष्कर्ष असा की, बंदूक विकणाऱ्याने आपला भाव उघडपणे सांगावा. कारखानदाराने त्याला अडवू नये आणि सरकारनेही नाही. यामुळे बंदूक काहीशी स्वस्त होईल, हे मान्य करावयास हवे. ते ज्यांना नको असेल त्यांनी कराची मागणी करावी, प्रतीक्षेच्या काळाची करावी, खासगी विक्रीलाही तपासणी लावण्याची करावी. हे उपाय कठीण आहेत, कारण ते उघड आहेत. त्यांच्यासाठी मते मागावी लागतात आणि विरोध पत्करावा लागतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यातला चतुर अर्थ असा की, मूठ उघडली तर आत फारसे काही नसते. भाव झाकून समाजाचे रक्षण होते या समजुतीची मूठ उघडली, तर तिच्यातही विक्रेत्याच्या चार पैशांखेरीज काही सापडत नाही.

शेवटी पुन्हा १९६३ चे ते कूपन. त्यावर १९ डॉलर ९५ सेंट हा आकडा छापलेला नसता, तर ऑस्वाल्डने एक पत्र लिहून तो विचारला असता आणि आठवडाभराने तीच रायफल त्याच पेटीत येऊन पडली असती. त्या व्यवहारात उणीव होती ती निराळीच. पैसे घेणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंड पाहिले नाही, आणि हायडेल नावाचा माणूस आहे तरी कोण, हे कोणी विचारले नाही. ही उणीव पाच वर्षांनी, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे बळी गेल्यानंतर, १९६८ च्या कायद्याने अंशतः भरून काढली. तो कायदा करणाऱ्यांनी किमतीच्या आकड्यावर बोळा फिरवला नाही. त्यांनी बंदूक आणि ग्राहक यांच्यामध्ये एक माणूस उभा केला. आज विचार व्हावयाचा तो याचा की, जेथे तो माणूस अजूनही उभा नाही तेथे त्याला कसे उभे करावे.